सिस्टर बेटांवर निघाल्या

आपली आई पोहायला शिकते आहे ही बातमी पाळकाला कळली ती मंडळीतल्या एका आजीबाईंकडून, आणि तीही उपासना संपल्यावर, चर्चच्या दारात उभं राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत असताना.

"सिस्टर काय छान तरंगतात हो आता!" आजीबाई म्हणाल्या. "माझी नात त्यांच्याच तुकडीत आहे ना. दोघींची अगदी गट्टी जमलीय."

पाळकाच्या हातात आजीबाईंचा हात होता, तो सवयीनं तसाच हलत राहिला. "तरंगतात?"

"पाठीवर. पोटावर अजून घाबरतात. नाकात पाणी गेलं की शिंका देतात, मग सगळी पोरं हसतात, आणि त्याही हसतात."

मागं रांग तुंबली होती. पाळकानं आजीबाईंचा हात सोडला, पुढच्या माणसाचा घेतला, त्याच्या बायकोची चौकशी केली आणि ती बायको शेजारीच उभी आहे हे त्याला नंतर दिसलं.

सिस्टर म्हणजे त्याची आई. सगळा जन्म प्रसूती विभागात गेलेला. शहरातल्या निम्म्या लोकांना जगात पहिली चापट मारणारा हात तिचा होता. दवाखान्यातलं 'सिस्टर' हे नाव बाबांनी चेष्टेनं घरी आणलं आणि ते तिला असं चिकटलं, की बाबा गेल्यावर तिला आई म्हणणारी फक्त तिची तीन मुलं आणि सून उरली. निवृत्तीनंतरही शिकाऊ सुइणी जिन्यात तिला गाठून शंका विचारायच्या.

दूरच्या बेटांवरच्या एका मिशन दवाखान्याला सुइणींना शिकवणारी बाई हवी आहे, हे तिनं घरात हिवाळ्यातच सांगितलं होतं. "विचार करतेय," एवढंच म्हणाली होती. पाळकानंही फार मनावर घेतलं नव्हतं. निवृत्त झाली त्या वर्षी तिनं अकॉर्डियन आणलं होतं, ते आता कपाटावर धूळ खात पडलं आहे. तसंच हेही, असं त्याला वाटलं. पण नाकात पाणी जाईपर्यंत शिकायला गेलेलं माणूस विचार करत नसतं. त्याचं ठरलेलं असतं.

"चल," तो बायकोला म्हणाला. "आईकडे जेवायला जायचंय ना? लवकर जाऊ."

"तुझा झगा," बायको म्हणाली.

तो उपासनेचा झगा अंगात घालूनच रस्त्यापर्यंत आला होता.

*

सिस्टरचं घर औषधांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना अरुंद. वर पोचेपर्यंत पाळकानं तीन वाक्यं तयार केली होती. दार उघडलं आणि तिन्ही विसरला.

बैठकीच्या खोलीतलं टेबल भिंतीला सरकवलं होतं आणि मधोमध एक नवी कोरी लाकडी पेटी होती. तिच्यासमोर गुडघे टेकून मधला भाऊ बिजागरी बसवत होता. मधला सुतार. तोंडात दोन स्क्रू, कानावर पेन्सिल.

"तुला माहीत होतं?" पाळकानं विचारलं.

मधल्यानं स्क्रू तळहातावर काढले. "मला पेटीचं माप दिलं. पेटी कशाला हवी हे मी गिऱ्हाइकाला विचारत नाही."

"गिऱ्हाईक तुझी आई आहे!"

"म्हणून तर घासाघीस चालली नाही."

खिडकीजवळच्या खुर्चीत आत्या बसली होती. बाबांची थोरली बहीण. ऐंशी ओलांडलेली, ऐकू कमी येणारी. म्हणजे तिला जे ऐकायचं असेल ते बरोबर ऐकू यायचं. तिच्या मांडीवर एक पुस्तक उघडं होतं आणि ती आतल्या दिशेला मोठ्यानं काहीतरी परक्या भाषेत ओरडत होती. आतून सिस्टरचा आवाज तेच शब्द परत म्हणत होता.

"चूक!" आत्या ओरडली. "शेवट ओढ! ओढला नाहीस तर त्याचा अर्थ 'खाली बस' होतो. बाळ बाहेर यायच्या वेळेला 'जोर कर' म्हणायच्याऐवजी 'खाली बस' म्हणालीस तर ती बिचारी बसेल ना!"

सिस्टर हात पुसत बाहेर आली. केस अजून ओलसर होते. "ताई माझ्यापेक्षा लवकर शिकल्या," ती थोरल्या मुलाला म्हणाली. "मी रोज नवे दहा शब्द शिकते आणि जुने बारा विसरते. आलात? बसा ना. धाकटी येतेच आहे."

"आई, तू पोहतेस?"

"तरंगते. पोहणं अजून लांब आहे."

"पण कशासाठी?"

"तिथं या बेटावरून त्या बेटावर होडीनं जावं लागतं. ज्याला पोहता येत नाही त्याला मिशनवाले होडीत बसवत नाहीत. बरोबरच आहे. मी पडले तर माझ्यामागं दुसऱ्या कुणाला तरी उडी मारावी लागेल."

"म्हणजे ठरलं."

सिस्टरनं हात पुसायचं फडकं खुर्चीच्या पाठीवर नीट पसरलं. "ठरलं. आज सगळे आलात की सांगणारच होते. तपासण्या झाल्या. लसी झाल्या, दंड अजून दुखतोय. सप्टेंबरात निघायचं. चार वर्षं, मग थोडी सुट्टी, मग पुन्हा चार. अर्थात दुसरी चार वर्षं तब्येत बघून."

मधल्याच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि घरंगळत कपाटाखाली गेला. तो काढायला मधला आडवा झाला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथंच राहिला.

*

पाळकाची बायको, सिस्टरची सून, स्वयंपाकघरात पाव कापत होती. भिंत पातळ होती, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. तिची दोन्ही मुलं मंडळीच्या सहलीला गेली होती, आणि हे तिला बरं वाटत होतं, कारण तिच्या डोक्यात पहिला विचार त्यांचाच आला होता. मुलांना शाळेतून आणणार कोण?

सासूबाई सुपाचं पातेलं उतरवायला आत आल्या तेव्हा तिनं तो विचार तसाच तोंडावाटे बाहेर काढला.

"आई, मुलांना शाळेतून कोण आणणार?"

सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "मी त्याचा विचार केलाय. पण खरं सांगू? मला कुणी विचारलंच नव्हतं, आणाल का म्हणून. पहिल्या दिवशी तुला उशीर झाला, मी गेले. मग जातच राहिले."

सूनबाईचा हात थांबला.

"रागावले नाही हं," त्या म्हणाल्या. "मला आवडायचं. पण आता मोठी झालीत ती. रस्ता त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कुठल्या घराचा कुत्रा बांधलेला असतो आणि कुठला मोकळा, तेही त्यांनीच मला शिकवलं."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पोटावर तरंगायची तर फारच." त्या हसल्या आणि मग हसणं जरा खाली ठेवल्यासारखं करून म्हणाल्या, "त्या दवाखान्याचे डॉक्टर आपल्या मंडळीत आले होते, आठवतं? तिथल्या बाया कळा सुरू झाल्या की होडीत बसतात आणि दिवसभर वल्हवत येतात म्हणाले. दर वेळी पोचतातच असं नाही. मी घरी आले आणि प्रार्थना करत बसले. मला आवाज-बिवाज काही आला नाही बाई. देव दुसऱ्यांशी बोलतो तसा माझ्याशी कधी बोललाच नाही. फक्त 'नाही' म्हणायला एक कारण सापडेना. हिवाळाभर शोधलं."

सूनबाई शाळेत भूगोल शिकवायची. दर वर्षी नकाशावर ती बेटं ती काठीनं दाखवायची, निळ्या रंगात शिंतोडे उडाल्यासारखी. एकेकाळी ती आणि पाळक, लग्नाआधी, धर्मशास्त्र महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर बसून नेमकी अशीच ठिकाणं निवडायचे. तेव्हा तो म्हणायचा, तू म्हणशील तिथं. मग त्याचे वडील आजारी पडले, इथली मंडळी मिळाली, मुलं झाली. नकाशावरची काठी हातात राहिली.

ती पाव घेऊन बाहेर आली तेव्हा नवऱ्याचा चेहरा लालबुंद झाला होता. आई हट्टीपणा करते म्हणून हा चिडलाय, असं इतर सगळ्यांना वाटत होतं. तिला तसं वाटलं नाही. हा चेहरा तिनं त्या पायऱ्यांवर पाहिला होता.

*

धाकटी आली तेव्हा सूप निम्मं गार झालं होतं आणि पाळक उभा राहून बोलत होता.

धाकटी छापखान्यात काम करायची. तिचा नवरा मालट्रक घेऊन लांब गेला होता, त्यामुळे ती एकटीच आली. आली ती थेट पेटीपाशी गेली, झाकण उचलून बघितलं आणि म्हणाली, "झकास. आतून रंग नको देऊस, वास येतो." मधल्यानं तिच्याकडं पाहिलंच नाही.

"आत्याचं काय?" पाळक विचारत होता.

"मी काय कपाट आहे?" आत्या म्हणाली. आता तिला अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. "'आत्याचं काय!' आत्याला विचार की. मी इथंच राहणार. हा सुतार वर राहायला येणार. त्याच्या त्या कारखान्यातल्या खोलीत भुसा जास्त आणि हवा कमी. त्याला वेळेवर जेव म्हणून ओरडायला कुणीतरी हवंच होतं."

"मला कुणी विचारलं?" मधला म्हणाला.

"गिऱ्हाइकाला विचारत नाहीत," आत्या म्हणाली, आणि सूनबाईला हसू आवरेना.

पाळक हसला नाही. "आई, तुझं वय काय? माणसं या वयात मिशनवरून परत येतात!"

"मग जागा रिकाम्या होतच असतील."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही." सिस्टरनं चमचा खाली ठेवला. "तू दर वर्षी मिशनच्या रविवारी हात पसरून विचारतोस, आहे का कुणी जाणारं? यंदा मी पहिल्या बाकावर होते. मागं वळून बघितलं. कुणी जागचं हललं नाही. एक जण तर घोरत होता."

"मी तरुणांना विचारत होतो, आई!"

"तसं स्पष्ट म्हणायचं होतंस."

धाकटीला ठसका लागला. मधल्यानं तिच्या पाठीवर थाप मारली, जरा जास्तच हळू.

पाळक खाली बसला. त्याचा आवाजही बसला. "तुला ठाऊक आहे, मिशनवाले एकट्या माणसाला घेत नाहीत. मंडळीनं पाठवावं लागतं. मंडळीसमोर डोक्यावर हात ठेवून. तो हात माझा आहे. आणि मी तो ठेवणार नाही."

आत्यानं चमचा वाडग्यात ठेवून दिला.

सूनबाईच सरळ नवऱ्याकडं वळली. "खरं ते सांग त्यांना."

"काय खरं?"

"तू सांगतोस की मी सांगू?"

पाळकानं पावाचा तुकडा मोडला, पुन्हा मोडला, त्याचा चुरा होईपर्यंत मोडला. "मला जायचं होतं," तो म्हणाला. "कॉलेज संपल्यावर. जागा ठरली होती. मग बाबा पडले अंथरुणाला. मग ते गेले, आणि तू एकटी, ही दोघं शाळेत. मी राहिलो. तुझ्यासाठी राहिलो, आई. आणि आता तू निघालीस!"

हे सिस्टरला खरोखर ठाऊक नव्हतं. तिनं थोरल्याकडं असं पाहिलं, जणू तो आत्ताच खोलीत आला आहे.

"मी म्हणाले होते राहा म्हणून?"

"नाही."

"तूही बोलला नाहीस."

"नाही."

"वेड्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला वाटायचं तुझं पाचारणच, देवाचं बोलावणंच, इथलं आहे. आजही वाटतं. त्या घोरणाऱ्या माणसाची बायको गेली तेव्हा महिनाभर रोज संध्याकाळी कोण जाऊन बसलं त्याच्याजवळ? तो दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये गेला असता तर घरी झोपला असता. तुझ्याकडं येऊन झोपतो." तिनं हात पुढं केला आणि त्याच्या बोटांवरचा चुरा झाडला. "पण तुझं जायचं राहिलं, त्याचं मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. मात्र मी इथं बसून राहिले म्हणून ते भरून यायचं नाही रे."

पाळकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळ्यांसमोर आलं म्हणून तो आणखी चिडला. पण ती चीड आता कुणावर काढावी हे त्याला सुचेना. वारं फिरलं होतं. बायको तर केव्हाच पलीकडं गेली होती.

आणि नेमकं तेव्हा, इतका वेळ आईच्या बाजूनं उभा असलेला मधला म्हणाला, "आई, सप्टेंबर नको."

*

मधल्याला गुपित ठेवता येत नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याला कुणी काही सांगत नसे. धाकटीनंही सांगितलं नव्हतं. ती त्याच्या कारखान्यात शेल्फ बघायला गेली होती आणि सरसाच्या वासानं तिला भोवळ आली. त्यानं तिला फळ्यांच्या ढिगावर बसवलं, पाणी दिलं आणि तिच्या तोंडाकडं बघूनच त्याला कळलं. कुणाला सांगणार नाही म्हणून त्यानं शपथ घेतली होती. ती शपथ त्यानं इतके आठवडे सांभाळली होती, हाच त्याच्या आयुष्यातला विक्रम होता.

"का नको?" सिस्टरनं विचारलं.

टेबलाखाली धाकटीचा पाय आला, पण तो सूनबाईला लागला.

"आई गं!" सूनबाई म्हणाली.

"कारण नोव्हेंबरात..." मधला म्हणाला. "म्हणजे सप्टेंबरात तू गेलीस तर नोव्हेंबरात तू इथं नसशील. आणि नोव्हेंबरात तू इथं हवीस." त्यानं बहिणीकडं पाहिलं. "माफ कर. मागच्या खेपेला आई जवळ होती म्हणून तू सावरलीस. मला राहवलं नाही."

मागच्या खेपेला, म्हणजे गेल्या वर्षी, धाकटीचं बाळ राहिलं नव्हतं. सिस्टर तेव्हा तिच्या उशाशी बसून होती.

आता सिस्टर लेकीकडं बघत होती आणि लेक ताटलीकडं.

"किती दिवस झाले?" सिस्टरनं विचारलं. आवाज दवाखान्यातला होता.

"झाले. धोक्याचे दिवस गेले. सगळं ठीक आहे."

"आणि मला सांगितलं नाहीस? मला?"

"तू निघाल्यावर सांगणार होते. तू होडीत बसल्यावर." धाकटीनं मान वर केली. "कारण मला ठाऊक होतं, तू अशी बघशील. ही, आत्ता बघतेयस तशी."

पाळकानं खोल श्वास घेतला. त्यानं मनाशी काही ठरवलं असं नव्हतं, पण शब्द आपोआप आले. "झालं तर मग. देवानंच उत्तर दिलं."

"दादा!" धाकटी उभीच राहिली. "माझं बाळ म्हणजे तुझ्या गाडीचा ब्रेक नाही! देवाला काही सांगायचं असेल तर तो सांगेल. माझ्या पोटातून ओरडणार नाही!"

"वा!" आत्या म्हणाली. "हिचा आवाज चांगला आहे. हिलाच भाषा शिकवायला हवी."

पण सिस्टर हसली नाही. ती खुर्चीतून उठली, पेटीपर्यंत गेली आणि झाकण लावलं. नव्या बिजागरीनं आवाजसुद्धा केला नाही. "सप्टेंबर रद्द," ती म्हणाली. "उद्या कळवते. त्यांना दुसरी कुणी बाई सापडेल."

मधला जिंकला होता. पाळकही जिंकला होता. दोघं एकमेकांकडं बघत होते, आणि जिंकलेल्या माणसांचे चेहरे असे पडलेले नसतात.

"आई, इकडं बघ," धाकटी म्हणाली. "मला एक सांग. तू नसतीसच, समज. तू आजारी असतीस. तर मला कुणाच्या हाती सोपवलं असतंस?"

"असलं बोलू नये."

"सांग ना. तुझ्या हाताखालून इतक्या जणी गेल्या. कुणाच्या हाती?"

सिस्टरला विचार करावाच लागला नाही. "खारीच्या. दुसऱ्या कुणाच्या नाही."

खार म्हणजे सिस्टरची सगळ्यात शेवटची विद्यार्थिनी. बारकी, चपळ, एका जागी न ठरणारी, म्हणून वॉर्डात तिला सगळे खार म्हणायचे. आता ती त्याच वॉर्डाची मुख्य होती.

"तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे," सिस्टर म्हणाली. बोलता बोलता तिचा चेहरा उजळला, तो नेहमीच अशा वेळी उजळायचा. "पहिल्या वर्षी नुसती पळापळ करायची. मी तिला म्हटलं, अगं, आपण घाई केली म्हणून बाळ घाई करत नसतं. दुसऱ्या वर्षी एक अडलेली बाई आली, बाळ आडवं. मी हात धुऊन पोचेपर्यंत हिनं..." ती थांबली.

"हं," धाकटी म्हणाली. "मग?"

"मग काय?"

"मग मला खारीच्या हाती सोपव आणि जा."

"ते वेगळं."

"का वेगळं? तू शिकवलंयस ना तिला? तू त्या बेटांवर जाऊन काय करणार आहेस? स्वतः बाळंतपणं करत फिरणार? की शिकवणार? शिकवून झाल्यावर त्या सुइणींना काय सांगणार, बायांनो, आता तुम्हाला सगळं येतं, पण कुणी आपली पोटची पोर आणली तर मात्र हात लावू नका?"

आयुष्यभर सिस्टरनं बाळंतिणींच्या घाबरलेल्या आयांना दाराबाहेर काढलं होतं. 'आमच्यावर सोडा,' असं म्हणून, खांद्याला धरून, प्रेमानं पण बाहेरच. त्या आयांच्या पोटात काय होत असेल याचा तिनं कधी फार विचार केला नव्हता. आता तो सगळा विचार एकदम आला.

"मला भीती वाटते गं," ती म्हणाली.

"मलाही वाटते," धाकटी म्हणाली. "तू इथं असलीस तरी वाटणारच आहे. मग ज्यांना तू हवीस त्यांच्याकडं तरी जा."

मग आत्यानं सुपाच्या वाडग्याकडं बोट दाखवून त्या परक्या भाषेत एक वाक्य म्हटलं.

"म्हणजे काय?" मधल्यानं विचारलं.

"म्हणजे सूप गार झालं. सहावा धडा."

सगळे हसले, पाळकसुद्धा, आणि सूनबाई पातेलं पुन्हा गॅसवर ठेवायला उठली. सिस्टरनं मात्र हो म्हटलं नाही. "आधी खार काय म्हणते बघू," एवढंच म्हणाली. पण पेटीचं झाकण तिनं पुन्हा उघडलं, कारण झाकणाच्या कडांचं वार्निश अजून वाळायचं होतं.

*

दवाखान्याच्या त्या वऱ्हांड्यात सिस्टर किती वेळा धावली होती याला गणती नव्हती. बसली मात्र आज पहिल्यांदाच. बाक भिंतीला टेकवलेला होता, लाकडी, आणि अतिशय गैरसोयीचा. इतकी वर्षं माणसं यावर बसून कशी राहिली, असं तिला वाटलं.

धाकटी आत गेली होती. तपासणीच्या खोलीच्या दारात खारीनं सिस्टरला नमस्कार केला, तिच्या तब्येतीची चौकशी केली, आणि मग दार लोटून घेतलं. सिस्टर दारासमोर उभीच राहिली होती. शेवटी पाळकानं तिला दंडाला धरून बाकावर बसवलं.

"त्या दंडाला नको," ती म्हणाली. "लस."

दोघं शेजारी बसली. समोरून एक पोरगी ट्रॉली ढकलत गेली. चाक कुरकुरत होतं. 'तेल घाल,' असं सांगायला सिस्टरचे ओठ हलले आणि तिनं ते आवरले.

"आई," पाळक समोर बघत म्हणाला. "मी हात ठेवीन."

तिनं वळून पाहिलं.

"पण त्या दिवशी उपदेश दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगू. मला उभं राहून बोलता यायचं नाही. हात ठेवीन, आशीर्वाद म्हणेन, तेवढं जमेल. बहुतेक."

"रडलास तरी चालेल. मंडळीला बरं वाटतं, पाळक रडला की."

"आई!"

"आणि पुढच्या वर्षी तुम्ही दोघं सुट्टीत या. मुलांनाही आणा. तुझ्या बायकोनं मला विचारलंय आधीच, होडीत किती माणसं बसतात म्हणून." ती जरा थांबली. "मात्र पोहायला शिकून या."

पाळकानं तळहातानं तोंड पुसलं. तो हसत होता की काय ते नीट कळेना.

दाराआडून आवाज आला. बाळाचे ठोके ऐकायच्या यंत्राची खरखर, मग काहीच नाही. सिस्टर ताठ झाली. हे 'काहीच नाही' तिच्या ओळखीचं होतं. अशा वेळी यंत्राचं टोक थोडं डावीकडं सरकवायचं असतं, घाबरायचं नसतं, हे तिनं पोरींना शेकडो वेळा सांगितलं होतं. तिची बोटं मांडीवर आपोआप डावीकडं सरकली. ती उठली. पाळकानं तिचा हात धरला.

"बस," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि ती बसली.

आणि मग ते आलं. बारीक, भरभर, एखादं पोर जिना धडाधडा उतरत खाली खेळायला निघावं तसं. दार लाकडी होतं, जाड होतं, तरी आवाज वऱ्हांड्यात स्पष्ट येत होता. खारीनं तो मुद्दाम वाढवला होता, बाहेर कोण बसलंय हे तिला माहीत होतं. सिस्टरनं डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. आयुष्यात हा आवाज तिनं अगणित वेळा ऐकला होता, पण कानाला यंत्र लावून, मनात मोजत. नुसता ऐकला नव्हता.

पाळकानं डोळे मिटले नाहीत. तो आईकडं बघत होता.

थोड्या वेळानं दार उघडलं. खार बाहेर आली, नेहमीसारखी दोन पावलांत. मग थबकली. कुठल्या आवाजात बोलावं हे तिला क्षणभर कळेना. शेवटी जो आवाज शिकली होती तोच तिनं लावला.

"पेशंटचे नातेवाईक कोण आहेत?"

सिस्टर उठून उभी राहिली. "मी," ती म्हणाली. "आई आहे तिची."

"सगळं छान आहे. या आत." खारीनं दार धरून ठेवलं. "पण त्या भिंतीजवळच्या खुर्चीवर बसायचं हं. आणि मध्ये बोलायचं नाही."

सिस्टर आत गेली, भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली, आणि बोलली नाही.